पायपीट क्र. ९ : डॉकयार्ड रोड ते प्रिन्सेस स्ट्रीट

डिसेंबरात याच वाटेवर फसलो होतो. टेकडी चढून वर गेलो तर क्रेनच्या पलीकडे नुसतं धुरकट. म्हणून या खेपेला पावसाळा सरत आल्यावर, स्वच्छ हवेचा दिवस बघून निघालो. वेळही मुद्दाम दुपारची धरली. ४ वाजून ६ मिनिटांनी मला माथ्यावर असायचं होतं.

डॉकयार्ड रोड स्टेशनाला लागूनच भंडारवाडा टेकडी, वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. माझगावचा किल्ला इथलाच. १६९० मध्ये सिद्दी याकूत खानाने तो पाडला. मी दोनदा शोधलं, दगडसुद्धा हाती लागला नाही, तुम्हीही उन्हात फिरू नका. कठडा गाठा. पायाखाली हार्बरच्या गाड्या, मग गोदामांचे पत्रे, मग गोदी आणि पाणी. समुद्राकडे तोंड केलंत की व्हिक्टोरिया गोदीची बाजू उजव्या हाताला.

१४ एप्रिल १९४४ ला तिथे 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या त्याच कप्प्यात! दुपारी कापूस धुमसू लागला, ४.०६ ला पहिला स्फोट झाला. जहाजावरच्या सोन्याच्या विटा कशा उडाल्या ते मुंबईत कुणीही रंगवून सांगतो. मला मात्र तिथे जीव गमावलेले अग्निशमन दलाचे ६६ जण जास्त आठवतात. दुसरा, जास्त मोठा स्फोट झाला तो साधारण अर्ध्या तासाने. तेवढा वेळ घड्याळ लावून बाकावर बसून राहिलो. खालून गाड्या गेल्या, शेजारच्या आजोबांचं पेपर वाचणं संपून डुलकीही झाली. अर्धा तास खूप असतो हो. मदतीला माणसं धावत पोचतील इतका.

उतरून पी. डिमेलो रोडने मस्जिद. ट्रक, धूळ, फुटपाथ नावाला. या टप्प्याबद्दल एवढंच.

मांडवीत शिरलो आणि अंगाला शर्ट चिकटला. मधे हातगाडी अडकली तर माणसाने भिंतीला पाठ लावावी, अशा गल्ल्या. वर पाहिलं तर दोन इमारतींच्या मधे आभाळाची हातभर पट्टी. १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो याच भागात. त्या साथीनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे आणि समुद्राचा वारा आत घ्यायचा, ही त्यांची कल्पना. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच निघाला. ज्यांची घरं पडली त्यांना हा वारा किती महाग पडला असेल, हा विचार मात्र तिथे चालताना सुटत नाही.

क्रॉफर्ड मार्केटजवळ कटिंग मारून प्रिन्सेस स्ट्रीटला लागलो. मान वर करूनच चाला : कोपऱ्यांवर गोलाई घेतलेल्या इमारती, बाल्कन्यांचे लोखंडी कठडे, कुठे कुठे त्यांतून उगवलेला पिंपळ. मरीन लाइन्सकडे थोडं गेलो असेन, तोच समोरून वारा आला. फ्लायओव्हर आहे, बसचा धूर आहे, तरीही आला. मांडवीत भिजलेला शर्ट स्टेशन येईपर्यंत वाळला.

वळसे धरून साडेपाच किलोमीटर. पुढच्या खेपेला खोताची वाडी आणि प्लेगच्या काळातले क्रूस. कुणी येणार असेल तर कळवा, पण चपला घालून येऊ नका.