गिझरची विझणारी ज्योत

कोथरूडला आईच्या घरी ड्राय बाल्कनीत जुन्या पद्धतीचा, म्हणजे मोठा बर्नर पेटवणारी पायलटची छोटी ज्योत सतत तेवत ठेवावी लागणारा गॅस गिझर अजून वापरात आहे, आणि गेल्या डिसेंबरात, ऐन थंडीत, नेमकी ती ज्योतच टिकेना. बटण दाबून धरले की ती पेटायची आणि सोडले की मिनिटभरात विझायची. आईने दोष वाऱ्याला दिला. मीही फार विचार न करता खिडकीला पुठ्ठा लावला. ज्योत विझायची ती विझतच राहिली.

मग मेकॅनिकला बोलावले. त्याने थर्मोकपल बदलण्याचा सल्ला दिला, आणि तो अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. थर्मोकपलचे टोक पायलटच्या ज्योतीत तापले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात जेमतेम 20 ते 30 मिलिव्होल्ट वीज तयार होते. तेवढ्या विजेवर एक लहानसा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. टोक थंड झाले की चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. नवे थर्मोकपल दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंड पाण्याने आंघोळ.

त्या संध्याकाळी बाल्कनीतला दिवा मालवून मी गिझरच्या काचेतून नीट पाहिले. ज्योत निळी, स्थिर आणि थर्मोकपलच्या टोकाला कवेत घेणारी हवी. ही पिवळसर होती, लवलवत होती आणि टोकापासून गव्हाच्या दाण्याएवढी दूर राहत होती. टोक पुरेसे तापतच नव्हते, मग ते जुने असो वा नवे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने रेग्युलेटर बंद करून पायलटचा जेट, म्हणजे गॅस सोडणारा बारीक भोकाचा भाग, उघडला, तेव्हा जेटच्या तोंडाशी आणि हवेच्या छिद्रात कोळ्याच्या जाळ्याचा धुळकट पुंजका निघाला. मी सुई आणायला उठलो, तर तो म्हणाला, "साहेब, सुई नको. भोक मोठं झालं तर जेटच बदलावा लागेल." त्याने पंपाने हवा मारून जेट साफ केला, तो परत बसवला आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासली.

जाताना त्याने पुठ्ठ्याकडे बोट दाखवले. ज्योत पिवळी पडणे म्हणजे गॅस अर्धवट जळणे. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि मी तर हवेची वाटच बुजवली होती. पुठ्ठा तेव्हाच काढला. आईने तो रद्दीत न टाकता लोणच्याच्या बरण्यांखाली घातला आहे.