खर्ज कुठे गेला? सबवूफर आणि स्पीकर वायरच्या नोंदी

९ जून

मागच्या महिन्यात बाबा हॉलमध्ये बसून गाणं ऐकत होते. पुरुष गायक, पट्टी काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा सा), आलाप नुकताच सुरू झालेला. मध्येच मान वर करून त्यांनी विचारलं, “तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला रे?” मी म्हटलं, ऐकू येतोय की. तर म्हणाले, “सूर कळतोय. खर्ज नाहीये.”

बाबा आजही रोज सकाळी तंबोरा जुळवतात, त्यामुळे हे बोलणं मनातून जाईना. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला लागतात आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. मूळ स्वर पुसला गेला तरी त्याचे वरचे उपस्वर, १३९, २०८, २७७, कानावर पडत राहतात आणि मेंदू खालचा ६९ आपणच भरून काढतो. म्हणून मला सूर “कळत” होता. पण ज्याने तंबोऱ्याचा भोपळा वर्षानुवर्षं अंगाशी धरलाय, त्याला त्या स्वराचं वजन हवं असतं. ते माझ्या सिस्टिममधून येत नव्हतं.

सिस्टिम अशी: यामाहाचा ए-एस ३०१ अ‍ॅम्प्लिफायर, व्हार्फडेल डायमंड २२५ हे साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, हॉल १४ फूट बाय ११ फूट. अ‍ॅम्पला मागे सबवूफर आउट आहे. म्हणजे सब, फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा सबवूफर स्पीकर, जोडायचा रस्ता मोकळा होता. त्याआधी वायर बदलायची ठरवली, कारण उजव्या स्पीकरला जाणारी वायर गॅलरीच्या दाराच्या चौकटीवरून फिरून जाते आणि ती होती घरात पडून असलेली जुनी बारीक लाल-काळी.

२२ जून

वायरने दोन आठवडे खाल्ले. पण हा भाग मला सगळ्यांपर्यंत पोचवायचाच आहे.

हिशोब साधा आहे. अ‍ॅम्प ते उजवा स्पीकर ९ मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून मोजायची १८ मीटर. वायरचा एकूण रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. मॅकिंटॉश कंपनीत काम केलेले रॉजर रसेल यांचे तक्तेही याच अंदाजावर बेतलेले आहेत. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम. पण कुठलाच स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो, काही फ्रिक्वेन्सींना तो ४ च्या जवळ उतरतो. म्हणून मी ०.२ धरली.

तांब्याची ०.७५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर मीटरला साधारण २६ मिलिओहम देते. १८ मीटरला ०.४७. नापास. दीड स्क्वेअर एमएमची ०.२४, काठावर. अडीचची ०.१४, पास. आवाजाच्या भाषेत सांगायचं तर ०.७५ मध्ये ८ ओहमला अर्धा डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) जातो आणि ४ ओहमला जवळजवळ एक. म्हणजे नुसता आवाज कमी होत नाही, स्पीकरचा ओहम जिथे उतरतो तिथेच जास्त कमी होतो. चांगली वायर म्हणजे काय, तर एवढंच. पुरेशी जाड आणि खरं तांबं.

“खरं तांबं” यावर येतो. पहिल्या फेरीत मी एका दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची पारदर्शक प्लास्टिकची स्पीकर वायर आणली. रिळावर ऑक्सिजन-फ्री कॉपर असं लिहिलेलं. हातात घेतली तेव्हाच हलकी लागली. घरी आल्यावर एक तार वेगळी करून खिडकीतल्या उजेडात धरली आणि ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरी चकाकी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

तरी खात्री करायला मोजलं. साध्या मल्टिमीटरने हे मोजता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरीच ०.२ ओहम दाखवतात. ऑफिसमधल्या मित्राकडे बेंच पॉवर सप्लाय आहे. वायरच्या १० मीटर जोडीचं एक टोक एकत्र पिळलं, दुसऱ्या टोकातून बरोबर १ अँपिअर सोडला आणि त्याच टोकांवर व्होल्टेज वाचलं. १ अँपिअरला जेवढे व्होल्ट तेवढेच ओहम. दीडच्या तांब्याला २० मीटरमध्ये ०.२७ व्होल्ट यायला हवे होते. आले ०.४१. म्हणजे तांब्याच्या दीडपट. वाईट याचं वाटलं की माझ्या आधी कितीतरी जणांनी ती वायर तांबं समजूनच भिंतीत गाडली असेल. अ‍ॅल्युमिनियम चालतच नाही असं नाही, दोन पायऱ्या जाड घेतलं तर चालतं. पण मग तसं रिळावर लिहा ना!

२९ जून

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन घराच्या वायरिंगची, आयएस ६९४ हे भारतीय मानक छापलेली, अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घेतली. लाल आणि काळी वेगवेगळी, सुट्टी कापून. दुकानदाराने “एसीसाठी का?” विचारलं. स्पीकरसाठी म्हटल्यावर त्याने आपणहून एक टोक सोलून तारा पसरून दाखवल्या.

घरी दोन्ही वायरींची एक टोकं दाराच्या कडीला बांधली, दुसरी ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरली आणि सावकाश पीळ दिला. पिळात लांबी थोडी कमी होते, तेव्हा मीटरभर जास्त ठेवा.

डावी वायर ३ मीटर, उजवी ९. दोन्ही सारख्याच लांबीच्या हव्यात असं बरेच जण सांगतात आणि डावीकडची जास्तीची वायर वेटोळं करून टीव्हीमागे कोंबतात. गरज नाही. सहा मीटरच्या फरकाने सिग्नलला लागणारा जास्तीचा वेळ सुमारे ३० नॅनोसेकंद. तेवढ्यात हवेतला आवाज मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकतो. पातळीतला फरक ०.१ डीबी.

टोकांना स्क्रूचे बनाना प्लग लावले. तारांना शिसं पाजून मग स्क्रूखाली आवळू नका, दाबाखाली शिसं हळूहळू बसतं आणि सहा महिन्यांत जोड ढिला पडतो. उघड्या तारा नीट पिळून तशाच आवळा.

आवाजात फरक? उजवा स्पीकर थोडा भरला. खर्ज मात्र अजून नाही.

२० जुलै

सबवूफर. दोन पर्याय उरले होते: १० इंची पोर्टेड आणि १२ इंची सील्ड, दोन्ही जवळपास एकाच किमतीचे.

पोर्टेड पेटीत मागचा आवाज नळीतून बाहेर येऊन मदत करतो, म्हणून ट्यूनिंगच्या, म्हणजे नळी ज्या स्वराला घुमते त्याच्या, आसपास जोर भरपूर. पण त्याच्या खाली तो ऑक्टेव्हमागे, म्हणजे दर सप्तकाला, २४ डीबीने कोसळतो. सील्ड, म्हणजे पूर्ण बंद, पेटी आधीपासूनच उतरायला लागते, पण ऑक्टेव्हमागे १२ डीबीने, सावकाश. शिवाय छोट्या बंद खोलीत अगदी खालच्या स्वरांना खोलीच थोडं उचलून धरते. माझ्या हॉलमध्ये ही मदत ४० हर्ट्झच्या खाली सुरू होते. सील्डचा उतार आणि खोलीची चढण एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

सील्डला कष्ट जास्त पडतात हेही खरं. तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायचा तर कोनला चौपट अंतर मागे-पुढे जावं लागतं. म्हणून सील्ड घ्यायचा तर कोन मोठा हवा. वॉटच्या आकड्यापेक्षा कोनचं क्षेत्रफळ आधी बघा.

दुकानात नेहमीप्रमाणे सिनेमातले स्फोट लावले. मी पेनड्राइव्ह नेला होता. त्यात माझ्याच फोनवरचं नाही, चांगल्या माइकवर रेकॉर्ड केलेलं बाबांच्या तंबोऱ्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि पखवाजाची एक परण (बोलांची बांधलेली रचना). पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात ती कातड्याचं वजन वाढवून स्वर खाली आणण्यासाठी. त्या कणकेवर पडलेला हात म्हणजे सबवूफरची खरी परीक्षा, कारण थाप सुरू झालेली आणि थांबलेली दोन्ही कळायला हवीत. दहा इंची पोर्टेडवर परणेतल्या लागोपाठच्या थापांची शेपटं एकमेकांत मिसळत होती. बारा इंची सील्डवर प्रत्येक थाप सुटी. त्या दोन पेट्यांपुरताच हा निकाल. चांगला बांधलेला पोर्टेड सबही नेमका वाजतो. पण माझा निर्णय तिथेच झाला.

३ ऑगस्ट

सब आला. पहिलं काम हम, म्हणजे विजेची घरघर, काढण्याचं. सबला आत स्वतःचा अ‍ॅम्प असतो, त्याला स्पीकर वायर लागत नाही, शिल्डवाली आरसीए सिग्नल केबल लागते. ती जोडताच ५० हर्ट्झची सलग घरघर सुरू झाली. सबची पिन तीन बोटांची, आणि दुसरीकडून डिशची कोअ‍ॅक्स सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीमार्गे अ‍ॅम्पपर्यंत आलेली. दोन अर्थिंगमधून फेरा पूर्ण होत होता. डिशची वायर काढली की घरघर बंद. टीव्ही ते अ‍ॅम्प आरसीएऐवजी ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने सिग्नल नेणारी, केबल टाकली, प्रश्न सुटला. काही जण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपा करून ते करू नका. ती पिन जिवासाठी आहे.

१० ऑगस्ट

जागा शोधणं. सबच सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवला, पखवाज लावला आणि मी भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत फिरलो. जिथे थाप सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. आई दारात उभी राहून बघत होती, मग तीही खाली बसली आणि म्हणाली, “इथे चांगलं येतंय बघ, कपाटाजवळ फक्त घुमतंय.” तिचं बरोबर होतं.

कपाटाचा तो कोपरा ४० हर्ट्झला उसळत होता. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, म्हणजे ८.५४ मीटर, उत्तर ४०. कोपऱ्यातला सब या लाटेला पूर्ण जोर देतो. आईने दाखवलेली जागा डाव्या लांब भिंतीच्या जवळपास मध्यावर होती, आणि लांबीच्या मध्यावरून ४० ची लाट उठतच नाही. सब तिथे गेला. खाली जाड रबराची मॅट. खालच्या मजल्यावरच्या काकूंना रात्री विचारून आलो. मॅटने स्लॅबमधला आवाज थांबत नाही, पण फरशीची कुरकुर थांबते.

२४ ऑगस्ट

तरीही खर्ज अर्धाच. शेवटी मोजणीचा माइक मागून आणला आणि लॅपटॉपवर आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घेतला. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आलेखात ७० हर्ट्झवर १४ डीबीचा खड्डा. नेमका खर्जावर.

सोफ्याची पाठ मागच्या भिंतीला लागलेली नव्हती. बसल्यावर माझे कान भिंतीपासून बरोबर चार फुटांवर यायचे. १.२२ मीटर ही ७० हर्ट्झच्या लाटेची चतुर्थांश लांबी. भिंतीवर आपटून परत आलेली लाट कानापाशी उलट होऊन पोचत होती आणि समोरून येणाऱ्या लाटेला पुसत होती. स्पीकर खर्ज वाजवत होते, हवेत तो होताही, फक्त सोफ्यावर नव्हता. मी उठून गॅलरीच्या दारापाशी उभा राहिलो आणि तो ऐकू आला.

सोफा दीड फूट मागे ढकलला. खड्डा ११३ च्या आसपास सरकला आणि उथळ झाला, ५ डीबीच राहिला. ७० ला आता ३ डीबीचीच घट आहे.

मग ६० हर्ट्झचा सूर लावून सबचा फेज स्विच (लाट सरळ की उलट सोडायची ते ठरवणारा) ० आणि १८० करून बघितला. सोफ्यावर जिथे आवाज जास्त, ती बाजू बरोबर: माझ्याकडे १८०. हा अ‍ॅम्प मुख्य स्पीकरचा खालचा भाग कापत नाही, त्यामुळे दोघांची सरमिसळ होते. सबचा कट, म्हणजे ज्याच्या वर तो गप्प होत जातो ती मर्यादा, ८० ला ठेवला तर पुरुषी आवाज छातीत जड व्हायचा. ७० ला बसला. व्हॉल्यूम इतका, की सब बंद केल्यावरच तो चालू होता हे कळावं.

१ सप्टेंबर

काल संध्याकाळी बाबांना बसवलं. त्या गायकाचं तेच रेकॉर्डिंग. मी काही सांगितलं नाही. दोनेक मिनिटं डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले, “खर्जाची तार किंचित उतरलीये याची.”

मी परत लावलं. उतरली होती. अगदी केसभर.

आता मागच्या भिंतीवर चार इंची रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचं) पॅनल, ११३ च्या खड्ड्यासाठी. त्यानंतर दुसरा सब. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर खोलीत सगळीकडे खालचा आवाज बराच समान पोचतो. डाव्या भिंतीचा मध्य आधीच धरलेला आहे. उजवीकडे बाबांचा तंबोरा ठेवायची जागा आहे, तिचं काय करायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवतो.