रात्रीचे चित्रपट आणि त्यांतला उजेड

चित्रपटात रात्रीची दृश्ये असणे वेगळे आणि चित्रपटच रात्रीचा असणे वेगळे. बहुतेक चित्रपटांत रात्र केवळ सोयीपुरती येते. खून किंवा चोरी भर उन्हात शोभत नाही, म्हणून तेवढ्यापुरते दिवे मालवले जातात. खऱ्या अर्थाने रात्रीचा असलेला चित्रपट मात्र दिवसा हलवून पाहावा, तर त्याची कथा दोन पावलेही चालत नाही. अशा चित्रपटांचे मला फार जुने वेड आहे आणि ते पाहताना माझे लक्ष हटकून एका गोष्टीकडे जाते: पडद्यावरचा उजेड कुठून येतो आणि तो कोणाच्या ताब्यात आहे.

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण पडद्यावरची कितीतरी रात्र मुळात दिवसाउजेडी चित्रित झालेली आहे. कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर वापरला की निळे आकाश काळपट पडते आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, कमी ठेवले की उन्हाचे चांदणे होते. फ्रेंच लोक या युक्तीला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात आणि फ्रान्स्वा त्रुफो यांनी चित्रीकरणाच्या धांदलीवरच बेतलेल्या १९७३ सालच्या आपल्या चित्रपटाला तेच नाव दिले. युक्ती हुशारीची आहे, पण माणसांच्या पायाशी पडलेल्या रेखीव काळ्या सावल्या सूर्याची चहाडी करतात. शिवाय अशा रात्रीत उजेड सगळ्यांवर सारखाच पडतो, त्यामुळे त्यात कोणी लपूही शकत नाही आणि कोणी सापडूही शकत नाही.

म्हणूनच शंभू मित्र आणि अमित मैत्र यांचा ‘जागते रहो’ (१९५६) मला या प्रकारातला आपल्याकडचा सर्वश्रेष्ठ चित्रपट वाटतो. कलकत्त्यात कामाच्या शोधात आलेला एक खेडूत तहानेने व्याकुळ होऊन रात्री पाणी शोधतो, चोर समजून त्याचा पाठलाग होतो आणि तो एका भल्यामोठ्या इमारतीत शिरतो. एवढ्याशा प्रसंगावर एका रात्रीचा संपूर्ण चित्रपट उभा आहे. दिवसा हाच माणूस कोणाही दारात उभा राहून घोटभर पाणी मागू शकला असता, पण रात्री दारात उभा असलेला अनोळखी माणूस चोरच ठरतो आणि कथेची सगळी मेख या एका गृहीतात आहे. पुढे तो एकेका बिऱ्हाडात लपत जातो आणि प्रत्येक बंद दारामागे त्याला खरी चोरी दिसते: कुठे बायकोच्या दागिन्यांवर डोळा ठेवणारा नवरा, कुठे चोरटी दारू, कुठे खोट्या नोटांचा छापखाना. इमारतीतले सभ्य रहिवासी हातात काठ्या घेऊन चोराला शोधत असतात आणि जो अंधारात दडला आहे तोच एकटा निरपराध असतो. राधू कर्माकर यांच्या छायाचित्रणात उजेडाची बाजू अशी पद्धतशीरपणे संशयास्पद होत जाते. खेडूत झालेले राज कपूर जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाहीत. त्यांचे घाबरे डोळे आणि कोरडे पडलेले ओठ एवढ्यावरच त्यांनी ही भूमिका पेलली आहे आणि मला त्यांचे हे काम त्यांच्या गाजलेल्या भूमिकांपेक्षा कितीतरी थोर वाटते. मोतीलाल यांचा दारुडा रस्त्यावर ‘जिंदगी ख्वाब है’ गात येतो तो प्रसंग तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवटी पहाट होते आणि खेडुताला पाणी मिळते, तेव्हा सलील चौधरी यांच्या संगीतातले ‘जागो मोहन प्यारे’ चालू असते. १९५७ साली या चित्रपटाला चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोवी व्हारी चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्यच होता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई माल यांनी ‘एलिव्हेटर टू द गॅलोज’ (१९५८) या आपल्या पहिल्या कथापटात वेगळीच वाट काढली. लिफ्टमध्ये अडकलेल्या प्रियकराला शोधत जान मोरो शाँझेलिझे या रस्त्यावरून रात्रभर भटकते. आंरी दकाए यांनी ही दृश्ये ट्राय-एक्स या अधिक संवेदनशील फिल्मवर, लहान मुलाच्या बाबागाडीत कॅमेरा ठेवून आणि दुकानांच्या व कॅफेंच्या काचांतून येणाऱ्या उजेडातच टिपली. एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जाताना तिचा चेहरा उजळतो आणि पुन्हा विझतो, आणि तिच्या मनातली आशा-निराशा कोणत्याही संवादाविना कळते. माइल्स डेव्हिस यांनी ही दृश्ये पाहत उत्स्फूर्तपणे ट्रम्पेट वाजवून संगीत दिले.

रंगीत चित्रपटात रात्रीला रंग मिळाला आणि तो रंग पुष्कळदा रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा होता. मायकेल मान यांनी ‘कोलॅटरल’ (२००४) बव्हंशी डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला, कारण लॉस एंजेलिसचे रात्रीचे तांबूस आभाळ फिल्मवर काळेच उमटले असते. पुढे त्या शहराने २००९ पासून रस्त्यांवर पांढरे एलईडी दिवे बसवायला सुरुवात केली, त्यामुळे त्या चित्रपटातली रात्र आता नगराच्या इतिहासाचा दस्तऐवज झाली आहे. आपल्याकडेही २०१५ साली मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी दिवे लागले तेव्हा ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून केवढा वाद झाला होता. ती केवळ हळहळ होती असे मी मानत नाही, कारण दिव्याचा रंग बदलला की त्या शहराची चित्रपटातली रात्रही बदलते.

पायल कपाडिया यांचा, २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणारा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ याच कारणासाठी मराठी प्रेक्षकांनी आवर्जून पाहावा. त्यातली मुंबई रात्रीच्या बाजारांची आणि गाड्यांतून परतणाऱ्या माणसांची आहे. इथे उजेडाची कमतरता कुठेच नाही आणि अनू व शियाझ या प्रेमिकांची अडचण नेमकी तीच आहे: एवढ्या मोठ्या शहरात त्यांना एकांत मिळत नाही. छाया कदम यांची पार्वती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते, तिच्यासोबत अनू आणि तिची सहकारी प्रभा कोकणात येतात आणि मुंबईने दिवसरात्र नाकारलेला एकांत त्यांना तिथे मिळतो. ‘जागते रहो’मधल्या खेडुताला अंधारात लपावे लागले, तर इथे माणसे स्वतःच्या थोड्याशा अंधारासाठी शहराबाहेर पडतात. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांत आपल्या महानगरांची रात्र किती बदलली आणि परगावाहून आलेल्या माणसाला ती अजूनही किती अवघड जाते, हे कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसते.