गन ट्रस्टवर नोटरीचा शिक्का

आज दुपारी ह्यूस्टनमधल्या आमच्या बँकेत जाऊन मी आणि पत्नीने गन ट्रस्टच्या, म्हणजे शस्त्रे ज्याच्या नावावर ठेवता येतात अशा कायदेशीर न्यासाच्या, दस्तऐवजावर नोटरीसमोर सह्या केल्या. नोटरीबाईंनी ओळखपत्रे तपासली, आम्ही स्वेच्छेने सही करत आहोत ना, हे विचारले, वहीत नोंद केली आणि शिक्का मारला. मजकुराची जबाबदारी त्यांची नसते. त्यासाठी वकील गाठणेच इष्ट, असे माझे ठाम मत आहे.

ट्रस्ट करण्याचे खरे कारण पत्नी आहे. बंदुकीचा सायलेन्सर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट या अमेरिकी कायद्याखाली येतो, म्हणजे त्याची सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि तो केवळ माझ्या नावावर नोंदवला, तर माझ्या गैरहजेरीत तो तिच्या ताब्यात असणे हाही तिच्यासाठी गुन्हा ठरू शकतो. ट्रस्टमध्ये विश्वस्त असल्याने मात्र तिला तो कायदेशीरपणे बाळगता येतो, आणि माझ्या पश्चात काय करायचे हेही आधीच लिहिलेले असते. २०१६ पासून अशा नोंदणीच्या अर्जासोबत ट्रस्टमधील प्रत्येक जबाबदार व्यक्तीला बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. अनेकांना हा जाच वाटतो, पण शस्त्रांच्या बाबतीत एवढी पडताळणी मला रास्तच वाटते. आता ठसे घेतले की अर्ज एटीएफकडे, म्हणजे शस्त्रांचे नियमन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे जाईल.