आमची वाटचाल : आधी कडी, मग बटण

२००९ साली न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमधून धंदा सुरू केला, तेव्हा काम एवढंच होतं : मोटेलं आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांना कॅमेरे बसवणं. तारा मी ओढायचो. बिलं बायको करायची आणि वसुलीलाही तीच जायची, कारण देशी दुकानदारासमोर माझी जीभ उचलायची नाही. शाळेत पाय पडला तो २०११मध्ये, बंद पडलेले स्पीकर दुरुस्त करायला.

डिसेंबर २०१२मध्ये कनेटिकटच्या सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. मुलं पहिलीतली. आमचाही मुलगा तेव्हा पहिलीतच होता. मग शाळांचे फोन सुरू झाले. सगळ्यांना कॅमेरे हवे होते, आम्ही विकले. धंदा वाढला, पण कशामुळे वाढला हे घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

२०१५मध्ये त्या घटनेवरच्या आयोगाचा अहवाल आला. कुलूप लावलेल्या वर्गाचं दार भेदून हल्लेखोर आत शिरल्याचं एकही उदाहरण आयोगापुढे आलं नव्हतं. मी आमच्याच एका शाळेत जाऊन दारं पाहिली. वर्गांची कुलपं बाहेरून किल्लीने लागणारी! म्हणजे बाईंनी आधी कॉरिडॉरमध्ये यायचं, मग किल्ली शोधायची. २०१८मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडला शाळेतल्या गोळीबारात १७ जणांचा जीव गेला, तिथली दारंही याच जातीची होती.

इचलकरंजीहून आई फोनवर म्हणाली, "मग आतनं कडी घाला की रे!" तिचं बरोबरच होतं, फक्त इथे साधी कडी किंवा अडसर चालत नाही. आग लागली तर आतल्या माणसाला किल्लीशिवाय, एकाच हालचालीत बाहेर पडता आलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणून आतून लागणारं, पण आतलं हँडल दाबताच सुटणारं आणि बाहेरून अधिकाऱ्याच्या किल्लीने उघडणारं कुलूप लागतं. ते महाग असतं, आणि त्याचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

पार्कलँडच्या गोळीबारात जीव गेलेली १४ वर्षांची अलिसा अल्हादेफ पूर्वी न्यू जर्सीतच राहायची. २०१९मध्ये तिच्या नावाचा कायदा इथेच पहिल्यांदा झाला : शाळेत थेट पोलिसांना कळवणारं पॅनिक बटण हवं, आणि त्याचा आवाज शाळेत होता कामा नये. या मूक बटणाने आमची फजिती केली. चाचणीआधी पोलिसांना फोन करायचा राहिला. बटण दाबलं, काहीच वाजलं नाही, म्हणून माझ्या माणसाने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. चार गाड्या दारात! सार्जंटने मला उभं करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही, पण डोक्यात वेगळंच होतं. पोलिसांना तीनदा कळलं आणि इमारतीतल्या एकाही वर्गाला पत्ता नव्हता. तेव्हापासून आम्ही बटणाला घोषणा जोडून देतो, तीही सरळ शब्दांत. हल्ल्याच्या इशाऱ्याला नुसतं 'कोड रेड' म्हटलं तर एका दिवसासाठी आलेल्या बदली टीचरला काय कळणार? जिम आणि कँटीनमध्ये कल्लोळात ऐकू येत नाही, तिथे लखलखते दिवे बसवतो.

ॲपही देतो, पण शेवटी. मे २०२२मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डीत शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे इशारा ॲपवरून निघाला होता. वायफाय कमजोर होतं, इंटरकॉमवर कोणी बोललंच नाही, आणि आधीच्या महिन्यांत असे इशारे इतक्या वेळा येऊन गेले होते की लोक सरावले होते.

गेल्या महिन्यात एका शाळेने ॲपच मागितलं. मी फोन घेऊन तळघरातल्या बँडच्या खोलीत उतरलो. रेंजच नव्हती. तिथे आता भिंतीवर स्पीकर आहे, दाराला नवं कुलूप आहे. ॲपचं कोटेशन बायकोने अजून पाठवलेलं नाही.