सस्पेन्शनच्या ब्रँडची तुलना, नोंद तिसरी: लोअर आर्म, टाय रॉड एंड, लिंक रॉड

शॉकअप पुढच्या नोंदीत घेऊ. या वेळी फक्त बॉल जॉइंट (वाटीत फिरणारा गोळा आणि त्याची पिन) आणि बुश (दोन नळ्यांमधलं रबर) असलेले भाग: चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म, स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक म्हणजे टाय रॉड एंड, आणि वळणावर गाडी कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणारा लिंक रॉड.

आधी नावांचा गुंता. लेमफर्डर, टीआरडब्ल्यू आणि झाक्स ही तिन्ही नावं आज झेडएफकडेच आहेत; टीआरडब्ल्यू २०१५ मध्ये आली. फेबी बिलस्टाइन आणि शॉकअपवाली बिलस्टाइन या दोन्ही जर्मनीतल्या एनेपेटालच्या, पण कंपन्या वेगवेगळ्या. जपानी गाड्यांसाठी सांकेईचं ५५५ आणि कोरियन गाड्यांसाठी सीटीआर ही भरवशाची नावं. मायले एचडी मूळ रचना मजबूत करून विकते आणि ४ वर्षांची हमी देते. मोगच्या बऱ्याच जॉइंटना ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असतो. त्याचा फायदा ग्रीस भरणाऱ्यालाच. कोरडा ठेवलात तर निपल असून नसल्यासारखा.

लेमफर्डरच्या काही आर्मवर गाडीच्या कंपनीचं चिन्ह घासून काढलेलं दिसतं, कारण हाच माल कारखान्यात नव्या गाडीलाही लागतो. त्यामुळे घासलेली खूण दिसली म्हणून माल नकली ठरत नाही. आणि तेवढ्यावर अस्सलही ठरत नाही, ग्राइंडर नकली माल करणाऱ्याकडेही असतो.

एकाच ब्रँडच्या डब्यांमधले सगळे भाग एकाच कारखान्यातले असतीलच असं नाही. म्हणून ब्रँडला सरसकट गुण देण्यात अर्थ नाही. भाग हातात घेऊन बघावा लागतो, आणि बघायला सुरुवात बूटपासून, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी आवरणापासून, करायची. बॉल जॉइंट बहुतेक वेळा झिजून मरत नाही, बूट फाटून मरतो. पाणी आत गेलं की ग्रीस दुधाळ कॉफीसारखं होतं, बॉलला गंज चढतो आणि तोच गंज आतलं प्लॅस्टिकचं अस्तर खरवडतो. पिन एका बाजूला पूर्ण कलंडवा आणि ताणलेल्या बाजूला बूटची कड जागची हलते का ते बघा. चांगल्या बूटच्या बुडाशी घट्ट कडी बसलेली असते, कड सरकत नाही. स्वस्त नमुन्यात ती अंगठ्याने उचलली गेली आणि आत ग्रीस फक्त बॉलच्या माथ्यावर टिकलीएवढं निघालं.

दुसरी तपासणी पिनच्या ओढीची. पिनला स्प्रिंगचा काटा अडकवून सावकाश ओढा. आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओढ सगळ्या कोनांत सारखी हवी. मध्येच घट्ट, मध्येच सैल लागली तर बॉल गोल नाही किंवा वाटी वाकडी आहे. फार घट्ट जॉइंटने वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला कुरकुरतं.

तिसरी, आणि सगळ्यांत दुर्लक्षित, पिनच्या निमुळत्या भागाची. त्यावर मार्करने ४ उभ्या रेघा ओढा, नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) भोकात हाताने दाबून किंचित फिरवा, बाहेर काढा. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या गेल्या पाहिजेत. फक्त एका टोकाला पुसल्या तर उतार जुळत नाही. असा एंड नट आवळल्यावर पक्का वाटतो, पण आत पिन हलत राहते, भोक लांबट होतं आणि शेवटी अख्खा नकल बदलावा लागतो. इथे ग्रीस लावायचं नाही. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे हवेत, नट नवा. नट फिरू न देणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, सैल करून जुळवायचा नाही.

बुशच्या बाबतीत ब्रँडला फुकट शिव्या बसतात. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर आणि आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर चाक जमिनीवर टेकताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आर्मखाली जॅक देऊन गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, मगच टॉर्क रेंच लावा. मूळ बुश द्रव भरलेला असेल तर पर्यायही तसाच घ्या. त्या जागी साधं भरीव रबर आलं की ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू शकतं, आणि मग सगळे ब्रेक डिस्कच्या मागे लागतात.

लिंक रॉडमध्ये मधल्या किमतीचा माल चालतो. फक्त पिनच्या टोकाला ॲलन की कशी बसते ते बघा. लोखंड मऊ असेल तर पुढच्या वेळी खोलताना खाच गोल होते. बसवताना दोन्ही चाकं एका पातळीत ठेवा, नाहीतर अँटी-रोल बार पिळलेला राहतो. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटमध्ये मात्र पैसे वाचवू नयेत. तिथे पिन सुटली तर चाकावरचा ताबाच जातो.

जुना टाय रॉड एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजून नवा तेवढाच फिरवा, पण हे फक्त अलाइनमेंटपर्यंत गाडी नेण्यापुरतं. आट्यांचं अंतर १.५ मिमी आणि स्टिअरिंग आर्म (टाय रॉड एंड जिथे जोडतो ती नकलची भुजा) १४० मिमी धरला तर एका पूर्ण फेऱ्याने चाक सुमारे ०.६ अंश वळतं. टायर खायला तेवढं पुष्कळ. शेवटी लॉक नटवर रंगाची एक रेघ मारून ठेवा. १,००० किमीनंतर बूट बघाल तेव्हा नट हलला की नाही ते एका नजरेत कळेल.