दुसऱ्या साक्षीदाराची सही

सांगलीत वकिली करताना मृत्युपत्रं पुष्कळ हाताळली. पण विजयनगरच्या कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसातली ती एक दुपार अजून मनातून जात नाही.

पलूसकडची एक बाई. विधुर, मूलबाळ नसलेल्या मामाला तिनं नऊ वर्षं सांभाळलं. मामानं स्वकष्टानं घेतलेलं 32 गुंठे रान तिला लिहून ठेवलं. झेरॉक्सच्या दुकानातला छापील नमुना, गाळलेल्या जागा भरलेल्या, शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का. मामाच्या भावानं हरकत घेतली आणि प्रकरण दाव्यापर्यंत गेलं.

स्टॅम्पची मुळात गरजच नसते. साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्रही चालतं. पण 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकानं मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, नाहीतर ‘ही सही माझी’ असं त्याच्याकडून ऐकलेलं हवं. आणि स्वतःची सही त्याच्यासमोरच करायला हवी. नमुन्यावर यातलं अक्षरही नव्हतं. नुसतं ‘साक्षीदार 1’, ‘साक्षीदार 2’ आणि पुढं टिंबं.

पहिला साक्षीदार वारलेला. दुसरे निवृत्त गुरुजी. शपथपत्रासाठी त्यांना बोलावलं. कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “सही माझीच.”

“तेव्हा मामा कुठं होते?”

“मिरजेला, दवाखान्यात. हिनं कागद आणला, मी ओट्यावर बसून सही केली.”

माझं पेन थांबलं. मृत्युपत्र टिकलं नाही तर रान भावाकडं जाणार होतं. बाईची आई, म्हणजे मामाची बहीण, आधीच गेलेली आणि भाऊ असताना भाचीचा नंबर लागत नाही. हे समजावून सांगितलं तसे गुरुजी हळूच म्हणाले, “समोर होते असं लिहा की.”

मी नाही म्हणायच्या आत बाईच बोलली, “नको गुरुजी. या वयात माझ्यापायी खोटी शपथ नको.”

तिच्याबद्दल तेव्हा जे वाटलं ते शब्दांत येत नाही. एक आशा धरून मी विचारलं, “मामा दवाखान्यातून परत आले होते?”

“आले की. दोन महिने घरी होते.”

“मग त्यांच्यासमोर पुन्हा सही?”

“कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. “कागद तिजोरीत होता. आणि गुरुजी तर रोज संध्याकाळी मामाबरोबर चहाला यायचे.”